चित्रावर तळहात

सव्वीस वर्षं मी पहिलीला शिकवतेय,
त्यातली चोवीस वर्षं मुलांना सांगत आले:
अडलं, की चित्राकडे बघ.

चित्रात पाणी होतं, काठाला गवत, एक बगळा.
खाली लिहिलेलं, 'पॉन्ड'.
कॉर्डेलने बगळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि हसून म्हणाला, 'लेक'.
शाब्बास, म्हटलं मी, अर्थ तर लागला!
प्रगतिपुस्तकात लिहिलं, माझ्या वळणदार अक्षरात:
आत्मविश्वासाने वाचतो.

चौथीत पुस्तकांतली चित्रं संपली.

*

दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्हा जुन्या बायांना
पुन्हा बाकांवर बसवलं.
बाहेर डेल्टाचं ऊन, कापसाच्या शेतांवर औषध फवारणारं विमान,
आत पांढऱ्या बुटांतली एक तरुण मुलगी
पडद्यावर मेंदू दाखवत होती.
बोलणं मूल उचलतं, म्हणाली, आपोआप, घरादारातून.
वाचण्यासाठी मात्र आत काहीच तयार नसतं,
वाट पाडावी लागते,
एकेक आवाज, एकेक अक्षर, पुन्हा तेच, पुन्हा तेच.
'हिने कधी कुणाचं शेंबूड पुसलंय का?'
शेजारून ऑलिव्हेट कुजबुजली.
एरवी मी हसले असते.
मी वहीच्या मागच्या पानावर नावं लिहीत होते.
कॉर्डेल. ट्रेमेन. त्या जुळ्या बहिणी, नेहमी पोट दुखायचं ज्यांचं
मोठ्याने वाचायची पाळी आली की.
पान भरलं.
उलटायचा धीर झाला नाही.

*

आता वर्गात हातात मावणारे आरसे आहेत.
मुलं आपापली तोंडं न्याहाळतात:
ओठ मिटले, फुटले, प्.
आणि डबाभर जुनी बटणं, माझ्या आईच्या शिवणाची,
एका आवाजाला एक.
'पॉन्ड'साठी नकाया तीनच सरकवते.
सगळीच तीन सरकवतात.
न् असा बुजरा, ड्च्या पाठीशी उभा,
पाहुणे आले की दाराआड जाणाऱ्या पोरासारखा.
नाकाला बोट लाव, सांगते मी, आणि सावकाश म्हण.
बोट थरथरतं.
तिचे डोळे एवढाले होतात.
चौथं बटण जागेवर जातं,
आणि तेवढा वेळ
चित्रावर माझा तळहात असतो.

*

नकाया कॉर्डेलची मुलगी.
पालकसभेला तो सगळ्यांत शेवटी आला, रबरी बुटांसकट.
रात्रभर कॅटफिशच्या तळ्यांवरून गाडी फिरवत
पाण्यातला प्राणवायू मोजतो.
आकडे त्याला येतात.
मासे कोणत्या घटकेला गुदमरू लागतात, तेही.
मी सहलीचा फॉर्म पुढे केला.
'चष्मा गाडीतच राहिला,' म्हणाला. हसू तेच.
चष्मा त्याला नाही. मला ते ठाऊक,
आणि मला ठाऊक आहे, हे त्याला.

नकायाला यातलं काहीच कळलं नाही, किंवा सगळंच.
तिने डबा ओढला.
'बाबा, नाकाला बोट लाव.'
एवढा थोरला बाप्या, पहिलीच्या खुर्चीत,
गुडघे छातीशी, नाकावर बोट,
गुणगुणत बसला.
प्. ऑ. न्. ड्.
बटणं मोजली. परत मोजली.

मग वळला माझ्याकडे, आणि आता तो हसत नव्हता.
'हे तेव्हा ठाऊक नव्हतं का, मिस वर्निटा?'
होतं कुणाकुणाला, म्हटलं मी.
कागदांवर होतं. माझ्यापर्यंत
पुढचे शब्द सापडेनात.
माफी मागितली, ती फार हळू मागितली.

तो उठून जाईल असं वाटलं.
त्याने बटणं परत डब्यात ओतली
आणि म्हणाला, 'बरं. पुढचा.'

आठला त्याची शिफ्ट होती.
साडेसातला आम्ही त्याच शब्दाच्या पहिल्या आवाजावर होतो,
श्, दोन अक्षरं आणि बटण मात्र एक,
यावरून तो माझ्याशी भांडत होता,
आणि नकाया टेबलाखाली
घरंगळलेलं काहीतरी शोधत होती.